सुगीच्या पैशाच्या चार वाटण्या

नोकरदाराचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो. त्यामुळे खर्च आणि शिल्लक यांची घडी त्याला महिन्यावर बसवता येते. शेतकऱ्याचे तसे नाही. कापूस, सोयाबीन, कांदा, हरभरा यांचे पैसे वर्षातून एकदा, फार तर दोनदा हाती येतात आणि तेही बाजारभाव असेल तसे. आडत्याकडची पट्टी हातात पडते त्या दिवशी घर भरलेले असते. पुढच्या मृगाला तेच घर बियाण्यासाठी दुकानदाराच्या दारात उधारी मागत उभे असते. मधल्या सहा-सात महिन्यांत पैसा कुठे गेला, हे बऱ्याच घरांत कोणालाच नीट सांगता येत नाही.

माती तपासून घ्या, बीजप्रक्रिया करा, खताच्या मात्रा पाळा, असे आम्ही विस्तार खात्याची मंडळी वर्षानुवर्षे सांगत आलो. पीक विकल्यावर पुढे काय, याबद्दल मात्र शेतकऱ्याशी सहसा कोणी बोलत नाही. बोलायला येतो तो एजंट, आणि त्याला आपल्या दलालीची घाई असते.

म्हणून या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. आलेला पैसा खर्चाला लागण्याआधी त्याच्या चार वाटण्या कराव्यात आणि प्रत्येक वाटणी केव्हा लागणार हे पाहून ती योग्य जागी ठेवावी. पहिली वाटणी कर्जाची, दुसरी घरखर्चाची व पुढच्या हंगामाची, तिसरी अडीअडचणीची आणि चौथी लांब मुदतीची. हा क्रम चुकला की बचत करूनही घर मागे पडते.

पहिली वाटणी : महाग कर्ज आधी

माझ्या पाहण्यात अशी घरे आहेत, जिथे बँकेत ४० हजारांची मुदत ठेव आहे आणि त्याच वेळी दुकानदाराची ४० हजारांची उधारी महिना शेकडा दोनने चालू आहे. शेकडा दोन ऐकायला थोडे वाटते. महिन्याला ८०० रुपये, म्हणजे वर्षाला ९ हजार ६०० रुपये व्याज झाले. ठेवीवर साडेसात टक्के धरले तरी वर्षाला ३ हजार मिळतात. ठेव जपण्याच्या हौसेपायी वर्षाला ६ हजार ६०० रुपये घरातून जातात. ती ठेव मोडून उधारी फेडणे, यापेक्षा चांगली गुंतवणूक त्या घराला दुसरी नाही.

व्याजाचा हिशेब तोंडी करण्याची एक सोपी रीत आहे. ७२ या आकड्याला वर्षाच्या व्याजदराने भागावे. जे उत्तर येईल तितक्या वर्षांत रक्कम साधारण दुप्पट होते. पोस्टात साडेसात टक्के मिळत असेल तर साडेनऊ वर्षांच्या थोडे पुढे दुप्पट. खासगी सावकार महिना शेकडा तीन, म्हणजे वर्षाला ३६ टक्के लावत असेल आणि व्याजावर व्याज चढत असेल, तर दोन वर्षांत दुप्पट. आपले पैसे दुप्पट व्हायला साडेनऊ वर्षे आणि सावकाराचे व्हायला दोन! या शर्यतीत बचत कधीच पुढे जात नाही.

हे दुखणे जुने आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि त्यानंतर १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या रक्षणासाठी कायदा करावा लागला. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली ठरलेल्या दरांप्रमाणे परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के यापेक्षा अधिक व्याज घेता येत नाही. चक्रवाढ व्याजालाही मनाई आहे. जास्त व्याज घेतले जात असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते.

सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज मात्र वेगळे. राज्यात २०२१ पासून डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास शेतकऱ्यावर व्याजाचा बोजा पडत नाही. मुदत चुकली की सवलत गेली. तेव्हा ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल खुणेने लिहून ठेवावी. थोडक्यात, महाग कर्ज मिळेल त्या पहिल्या पैशाने फेडावे आणि स्वस्त कर्ज तारखेच्या आत फेडावे.

दुसरी वाटणी : घरखर्च आणि पुढचा हंगाम

पूर्वी आपल्या घरांत बियाण्याची कणगी वेगळी असे. राखेत घातलेल्या त्या बियाण्याला कितीही अडचण आली तरी हात लावत नसत. आज बियाणे दुकानातून येते, पण तो नियम पैशाला लावता येतो. पेरणीचा पैसा बचत खात्यात तसाच ठेवला तर लग्नसराईत आणि पाहुणचारात तो संपतो. म्हणून दिवाळीनंतर पट्टी झाली की खरिपाच्या बियाण्या-खताइतकी रक्कम मे महिन्याच्या अखेरीस मुदत संपेल अशा बेताने मुदत ठेवीत टाकावी. व्याज थोडेच मिळेल. परंतु मृग निघेल तेव्हा पैसा हातात असेल. रोखीने माल घेणाऱ्याला दुकानदाराशी भावाची घासाघीस करता येते. उधारीवाला सांगेल ते बियाणे आणि सांगेल तो भाव घेतो.

घरखर्चाचेही महिनावार तुकडे करावेत. वर्षाला ४८ हजार लागणार असतील तर महिन्याला ४ हजार. त्या महिन्याचे तेवढेच काढावेत.

तिसरी वाटणी : दवाखाना आणि दैव

सावकाराच्या दारात शेतकरी हौसेने जात नाही. बहुतेक वेळा घरातले आजारपण किंवा मेलेला बैल त्याला तिथे नेतो. अशा वेळेसाठी निदान तीन-चार महिन्यांचा घरखर्च निघेल एवढी रक्कम बाजूला हवी. एका वर्षात जमणार नाही, दोन-तीन सुगीत जमते. ३० हजार ठेवायचे असतील तर एकच पावती करू नये, १०-१० हजारांच्या तीन कराव्यात. १० हजारांची गरज पडली तर एकच मोडेल आणि बाकीच्या दोन व्याज मिळवीत राहतील.

यासोबत बँकेतून मिळणारे दोन स्वस्त विमे आहेत, ते प्रत्येक घराने घ्यावेत. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनांचे हप्ते जून २०२२ मध्ये बदलले. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत १८ ते ५० वर्षे वयाच्या खातेदाराला वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवनविमा मिळतो. सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षांपर्यंत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. या विम्यांचे वर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत असते आणि हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो तो मेच्या शेवटी, म्हणजे नेमका पेरणीच्या तोंडावर. त्या सुमारास आपले खाते रिकामे असते. पैसे नसले की हप्ता जात नाही आणि संरक्षण तुटते. म्हणून मे महिन्यात खात्यात ५००-६०० रुपये राहू द्यावेत.

चौथी वाटणी : लांबचा पल्ला

पाच, दहा, पंधरा वर्षांनी लागणारा पैसा या वाटणीत येतो. मुलांचे शिक्षण, लग्नकार्य, विहीर किंवा आपले म्हातारपण.

यासाठी गावात सर्वांत जवळची आणि सरकारी हमीची जागा म्हणजे पोस्ट. किसान विकास पत्रात एप्रिल २०२३ मध्ये ठरलेल्या साडेसात टक्के दराने रक्कम ११५ महिन्यांत दुप्पट होते. अडीच वर्षांपर्यंत ते सहसा मोडता येत नाही. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची. १९६८ पासून चालू असलेली पीपीएफ योजना पंधरा वर्षांची असून तिच्यात वर्षाला किमान ५०० रुपये भरले तरी चालते. या दरांचा सरकार दर तीन महिन्यांनी आढावा घेते. पैसे भरण्याच्या दिवशी चालू दर विचारून घ्यावा.

दहा वर्षांच्या आतील मुलगी असेल तर २०१५ साली सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना जरूर पाहावी. वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. पंधरा वर्षे पैसे भरायचे आणि खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी रक्कम मिळते. मुलगी दहावी झाल्यावर किंवा अठरा वर्षांची झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. जानेवारी २०२४ मध्ये ठरलेला ८.२ टक्के दर शेवटपर्यंत राहिला असे धरून, वर्षाच्या सुरुवातीला १२ हजार याप्रमाणे पंधरा वर्षे भरले, तर आपले १ लाख ८० हजार जातात आणि शेवटी सुमारे पावणेसहा लाख होतात. दर कमी-जास्त झाला तर आकडा बदलेल. सुकन्या आणि पीपीएफ शेतकऱ्याला सोयीच्या अशासाठी की दरमहा भरण्याचे बंधन नाही. सुगीच्या वेळी वर्षाचे एकदम भरले तरी चालते.

सोन्याविषयी थोडे. गेल्या काही वर्षांत सोन्याचा भाव पुष्कळ चढला आणि ज्यांनी जपून ठेवले त्यांना लाभ झाला, हे खरे. अडचणीत ते गहाण ठेवूनही पैसा उभा राहतो. पण दागिना आणि गुंतवणूक यांत फरक आहे. १ लाखाच्या सोन्याच्या दागिन्यावर मजुरी शेकडा १० धरली आणि कर मिळवला तर १३ हजारांच्या आसपास जास्त द्यावे लागतात. विकताना ते परत मिळत नाहीत. घ्यायचेच तर हॉलमार्कचे घ्यावे. एप्रिल २०२३ पासून त्यावर सहा अक्षरी-अंकी क्रमांक असावा लागतो. पक्के बिलही मागून घ्यावे.

शेअर बाजाराचे काय?

'शेअर' हा शब्द आपल्याला नवा नाही. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो शेतकऱ्यांनी भाग घेऊनच. पण कारखान्याच्या भागाची किंमत रोज बदलत नाही. बाजारातल्या कंपनीच्या शेअरची मात्र क्षणाक्षणाला बदलते. जानेवारी २००८ मध्ये मुंबई बाजाराचा निर्देशांक २१ हजारांवर गेला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो ८ हजारांच्या आसपास आला. ज्यांनी मुलीच्या लग्नाचे पैसे त्यात घातले होते आणि लग्न त्या दिवाळीनंतर होते, त्यांचे काय झाले असेल ते ओळखावे. ज्यांना घाई नव्हती ते थांबले आणि पुढे निर्देशांक त्या जागेच्या कितीतरी वर गेला.

यातून निघणारा नियम सोपा आहे. पहिल्या तीन वाटण्या पूर्ण झाल्या असतील, आणि पैसा निदान सात-आठ वर्षे लागणार नसेल, तरच त्यातला थोडा हिस्सा म्युच्युअल फंडात ठेवावा. एखाद्या कंपनीची 'टीप' ऐकण्यापेक्षा पुष्कळ कंपन्यांत पैसा वाटून ठेवणारा, कमी खर्चाचा निर्देशांक फंड सामान्य माणसाला बरा. आपणही एकाच पिकावर सारे रान लावत नाही, तूर-सोयाबीन आंतरपीक घेतो, त्यातलाच हा प्रकार.

मोबाइलवरून 'ऑप्शन'चे सौदे करणे ही मात्र गुंतवणूक नव्हे. गावोगावची तरुण मुले त्यात ओढली जात आहेत, म्हणून हा आकडा वडीलधाऱ्यांनी घरात मोठ्याने वाचून दाखवावा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत असे सौदे करणाऱ्या शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला. सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर होता.

एका घराचा हिशेब

समजा, एका घराला वर्षभराच्या सोयाबीन आणि हरभऱ्याचे मिळून २ लाख ४० हजार आले. सोसायटीचे पीककर्ज ६० हजार आणि दुकानाची उधारी ३० हजार फेडली. उरले दीड लाख. घरखर्चाचा काही भाग दुधावर निघतो, बाकीसाठी ४८ हजार ठेवले. खरिपासाठी स्वतःचे ४८ हजार मे अखेरच्या ठेवीत टाकले. उरले ५४ हजार. अडीअडचणीसाठी ३० हजारांच्या तीन पावत्या केल्या. शेवटी राहिले २४ हजार. त्यातले १२ हजार मुलीच्या सुकन्या खात्यात आणि १२ हजार किसान विकास पत्रात.

आलेल्या पैशाचा हा फक्त दहावा हिस्सा आहे. परंतु पुढच्या वर्षी उधारी नसेल आणि अडचणीची वाटणीही भरलेली असेल. तेव्हा तेच उत्पन्न आले तरी चौथ्या वाटणीला पुष्कळ जास्त मिळेल. पहिले वर्ष कठीण जाते, नंतर गाडी उतारावर लागते.

दुधाचा, भाजीचा, कोंबड्या-अंड्यांचा पैसा वेगळ्या चालीचा. तो थोडा थोडा पण सतत येतो, म्हणून त्याला महिन्याची बचत शोभते. पोस्टात दरमहा ५०० रुपयांची आवर्त ठेव पाच वर्षे चालवली तर भरलेल्या ३० हजारांचे ६.७ टक्के दराने साडेपस्तीस हजारांच्या वर होतात. बचत गटातही हेच घडते. नाबार्डने १९९२ साली गट बँकेला जोडायला सुरुवात केली. ज्या गटाची वही चोख, त्याला बँक दारात उभी करते. भिशीत मात्र लिखापढी नसते. भिशी चालवणारा पळाला तर दाद मागणे अवघड जाते.

ठेवण्याआधी तीन प्रश्न

बँक बुडाली तर? लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर १९६२ पासून आपल्या देशात ठेवींना विमा मिळू लागला. तेव्हा तो १ हजार ५०० रुपयांचा होता. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची मर्यादा ५ लाख करण्यात आली. एका बँकेतल्या सर्व शाखांतील ठेवी आणि व्याज मिळून माणशी ही मर्यादा धरतात. राष्ट्रीयीकृत बँक, नागरी सहकारी बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक यांना हे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या आणि विकास सोसायटीतल्या ठेवींना ते नाही. पतसंस्था एक-दीड टक्का जास्त देते, ती त्या जोखमीची किंमत असते. संचालक ओळखीचे आहेत एवढ्यावर आयुष्याची पुंजी तिथे ठेवू नये.

यापेक्षाही मोठा धोका 'योजने'चा. १९९० नंतरच्या दशकात सागवान लागवडीच्या योजना आल्या. २०१२ साली तमिळनाडूत इमू पक्षी पाळण्याच्या योजना कोसळल्या. २०१९ साली आपल्या सांगली जिल्ह्यातले कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण उघडकीला आले. पक्षी आणि झाडे वेगळी, पद्धत एकच. कंपनीच पिले विकते, कंपनीच माल परत घेण्याचे वचन देते आणि पहिल्यांना मिळणारा पैसा हा नंतर येणाऱ्यांनी भरलेला असतो. नवे लोक येणे थांबले की सगळे थांबते.

म्हणून कोणीही योजना घेऊन आला की तीन प्रश्न विचारावेत. पैसे घेण्याची परवानगी कोणाची आहे, रिझर्व्ह बँकेची की सेबीची? कंपनी सोडून या मालाला बाजारात दुसरे गिऱ्हाईक कोण? आणि इतका परतावा येतो कोठून? महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला ६० टक्के. एवढा नफा होत असता तर त्याला बँकेने स्वस्त कर्ज दिले असते, तो आपल्या ओट्यावर येऊन बसला नसता.

मोबाइलवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन लागतो तो देण्यासाठी, हेही घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा.

घरची वही

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी वहीपूजन करतो. तशी एक वही शेतकऱ्याच्या घरातही असावी. पहिल्या पानावर देणी आणि त्यांचे व्याजदर. दुसऱ्या पानावर ठेवी, पत्रे, विमे, त्यांचे क्रमांक आणि मुदतीच्या तारखा. तिसऱ्या पानावर प्रत्येक खात्याला वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे ते. हे नाव लावायचे राहिल्यामुळे कर्ता माणूस गेल्यावर स्वतःच्याच पैशासाठी वर्ष-वर्ष खेटे घालणाऱ्या मायमाउल्या मी पाहिल्या आहेत. वही कारभारणीला वाचून दाखवावी, किंबहुना लिहायला तिच्याच हाती द्यावी. दुधाचा आणि किराण्याचा हिशेब तिच्या डोक्यात असतोच, हाही तिला जड नाही.

यंदाचा माल बाजारात जाण्याआधी निदान पहिले पान लिहून काढावे. कोणाचे किती देणे आहे आणि ते शेकडा कितीने चालू आहे, एवढेच. सर्वांत वरचा दर ज्याचा, पट्टीतला पहिला पैसा त्याचा.